आमची वाटचाल : पेटी आमची, लेबल दुसऱ्याचं

अंगुलीमुद्रांच्या, म्हणजे बोटांचे ठसे उचलण्याच्या, सामानात ब्रश पारखता आला की माणूस तयार झाला, असं आमचे काका म्हणत. काका म्हणजे आमचे पहिले भागीदार, राज्य पोलिसांच्या अंगुलीमुद्रा विभागातून निवृत्त झालेले अधिकारी. या सामानाच्या धंद्यासाठी भोसरीत गाळा भाड्याने घेतला तेव्हा भांडवल माझं होतं आणि नजर त्यांची. नव्या ब्रशांचा लॉट आला की ते काचेच्या पट्टीवर अंगठा टेकवत, चिमूटभर काळी पावडर कागदावर घेत, ब्रशचं फक्त टोक तिला लावत आणि दांडी दोन बोटांत फिरवत काचेवरून नेत. मग भिंगाखाली रेषांमधली मोकळी जागा बघत. ती पावडरने बुजली असेल तर आख्खा लॉट परत. ब्रश देणारा माणूस कुरकुर करायचा, पण काकांपुढे त्याचं काही चालत नसे.

सुरुवातीची वर्षं राज्यातल्या छोट्या ऑर्डरींवर निघाली. परदेशी पोलिसांच्या प्रशिक्षणाचं काम आलं तेही काकांच्याच ओळखीतून. एका केंद्रीय संस्थेत त्यांच्या हाताखाली शिकलेले एक साहेब प्रशिक्षक होते. त्यांनी विचारलं, आफ्रिकेतून आणि शेजारच्या देशांतून येणाऱ्या वर्गासाठी ठसे उचलण्याच्या सामानाची पेटी करून द्याल का?

हा सगळा व्यवहार आयटेकमधून चालतो. इतर देशांतल्या लोकांना भारतात शिकवण्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा हा कार्यक्रम १९६४ साली सुरू झाला. येणाऱ्याचं विमानाचं तिकीट, कोर्सची फी, राहणं, हातखर्च भारत सरकार देतं. कोर्सची यादी वर्षाची ठरते, प्रत्येक देशाच्या वाट्याला जागा येतात, उमेदवाराचं नाव त्याच्याच सरकारने पुढे करायचं आणि अर्ज तिथल्या आपल्या वकिलातीमार्फत दिल्लीला यायचा. पोलिसांचं शिकवणं गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या संस्था सांभाळतात. अंगुलीमुद्राशास्त्राचे कोर्स एनसीआरबीने, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, घेतले, न्यायवैद्यकाचे गांधीनगरच्या विद्यापीठात होतात. हैदराबादच्या पोलीस अकादमीत तर नेपाळ, भूतान, मालदीव, मॉरिशसचे अधिकारी आपल्या आयपीएस मुलामुलींबरोबर बसतात.

पुरवठादाराच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट जीवघेणी: वर्गात नक्की किती जण बसणार. कुणाचा व्हिसा अडकतो, कुणाला त्याचं खातं ऐन वेळी सोडत नाही. पेट्या मात्र उद्घाटनाच्या आधी पोचलेल्या हव्यात. म्हणून आम्ही फोम कापून ठेवायचो आणि पेट्या शेवटच्या आठवड्यात भरायचो. या कामात पडणाऱ्यांनी आधी माल भरून ठेवू नये. ठसा उचलायच्या टेपचा गोंद आणि शाईची मुदत कुणासाठी थांबत नाही.

ती पेटी करताना आम्ही जीव ओतला. ही माणसं पेटी घेऊन विमानाने घरी जाणार होती. निनहायड्रिन म्हणजे कागदावरचे ठसे उमटवणारं रसायन. त्याचं तयार द्रावण ॲसिटोनमधलं, म्हणजे ज्वालाग्राही. विमानात चालणारच नाही. मग निनहायड्रिनची भुकटी सीलबंद पुडीत दिली, द्रावण वर्गात संस्थेच्या ॲसिटोनमध्ये करायचं आणि घरी गेल्यावर तिथल्या प्रयोगशाळेत. समुद्राकाठच्या देशांत दमट हवेने पावडरचे खडे होतात, म्हणून प्रत्येक बरणीला आतून दुसरं झाकण आणि सिलिका जेल. मॅग्नेटिक ब्रशला वेगळा कप्पा, कारण त्याचं टोक पेटीतली लोखंडाचा बारीकसारीक कीस ओढून घेतं आणि मग पावडर खराब होते. काळ्या पावडरीची बरणी डावीकडे, करडी उजवीकडे, झाकणांचे रंग वेगळे. अंधाऱ्या खोलीत हात आपोआप योग्य बरणीवर जावा म्हणून. हे काकांचं डोकं. कोर्स संपवून गेलेले अधिकारी साहेबांना मेल करून पुड्या कुठे मिळतील म्हणून विचारत, आणि ते मेल साहेब आम्हाला पाठवत. ती पत्रं आम्ही छापून फाईलला लावली आहेत.

मग टेंडर निघालं.

पेटीचं वर्णन आमच्याच पेटीवरून लिहिलेलं होतं, रंगीत झाकणांसकट. एका व्यापाऱ्याने आमची एक पेटी मिळवली, तसाच फोम कापून घेतला, बाहेरून स्वस्त पावडर आणून भरली आणि वर स्वतःचं लेबल लावलं. तो एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराचा, ठरला. लघुउद्योगांसाठी खरेदी धोरणात सोय आहे: तुमचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्याच्या दराने ऑर्डरचा काही हिस्सा तुम्हाला मिळू शकतो. आमचा दर त्या पट्ट्यात बसेना. त्याच्या दराला उतरलो असतो तर नुसत्या ब्रशाचीही किंमत निघाली नसती. नमुन्याची तांत्रिक तपासणी झाली ती वस्तू मोजून. ब्रश आहे का, आहे. काचेवर फिरवून कुणी बघितला नाही.

काकांनी तो ब्रश मागवून घेतला आणि काळ्या कागदावर झटकला. तंतू गळून पडले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "१८९७ ला कोलकात्यात अंगुलीमुद्रांचा ब्युरो निघाला, तेव्हा ठशांच्या वर्गीकरणाचं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी केलं. जग अजून त्यांच्या इंग्रज वरिष्ठाच्या नावाने हेन्री सिस्टीमच म्हणतं." यापलीकडे त्यांनी तक्रार केली नाही. मी मात्र आजही करतो. तपासणीच्या कागदावर सह्या करणाऱ्यांनी एकदा तरी हातात ब्रश धरायला हवा होता.

त्या काळात आम्हाला साहेबांनी तगवलं. सरकारी नियमांत २५ हजारांपर्यंतची खरेदी कोटेशनशिवाय करता येत होती. तेवढ्यात बसतील तितके ब्रश आणि पुड्या ते कोर्सच्या आधी आमच्याकडून घेत, कारण टेंडरच्या पेटीतल्या ब्रशाने शिकवणं त्यांना पटत नव्हतं. रक्कम मोठी नव्हती, पण तिच्यावर पगार निघाले.

२०२० ने तेही थांबवलं. विमानं बंद, वर्ग बंद. आयटेकचे कोर्स ऑनलाईन सुरू झाले आणि पडद्यावरून शिकणाऱ्याला पेटी कोण देणार? दुसऱ्या एका कार्यालयाने आमचं जुनं बिल त्याच सुमारास अडकवून ठेवलं होतं. विचारलं की निधी आलेला नाही. बँकेचा हप्ता चुकला. गाळ्याचा अर्धा भाग सोडावा लागला, शाईचं मिश्रण करायचं यंत्र विकलं. काका त्या साथीत गेले.

नव्या उद्योजकांना एवढंच सांगतो: उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेवा, आणि माल स्वीकारल्याची तारीख शिक्क्यासह लेखी घ्या. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याने तुमचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. थकलेल्या बिलांच्या तक्रारीसाठी असलेल्या सरकारी पोर्टलवर अर्ज करायला घाबरू नका. गिऱ्हाईक तुटेल म्हणून आम्ही महिनोन् महिने गप्प बसावं असं सगळे सांगत होते. आम्ही अर्ज केला, मुद्दल आलं. व्याजासाठी अजून भांडतो आहोत.

वर्ग पुन्हा भरू लागल्यावर त्या पेटीचं टेंडर नव्याने निघालं. या वेळी अटींत एक ओळ जास्त होती: ब्रश काचेवरच्या ठशावर चालवून दाखवावा. ती कुणी घातली ते मला ठाऊक आहे. साहेब आता निवृत्त आहेत. चाचणीच्या दिवशी त्या व्यापाऱ्याच्या ब्रशाने ठसा पुसला गेला. ऑर्डर आम्हाला मिळाली. १ जुलै २०२४ पासून सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आली, तेव्हापासून राज्यांकडूनही विचारणा वाढली आहे. सोडलेला अर्धा गाळा परत घेण्याची बोलणी चालू आहेत, आणि ब्रशांचा प्रत्येक लॉट आता माझी मुलगी काचेवर तपासते.