वास्तू तथास्तु म्हणते, गॅलपमध्येसुद्धा

सकाळी 8 वाजता ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या एका पोराच्या आजींची पिकअप दिसली तेव्हाच पोटात गोळा आला, कारण कोर्ट दुपारी दीडचं होतं आणि आजींचं घर इथून पावणेदोन तासांवर, त्यातला शेवटचा अर्धा तास निव्वळ मातीचा रस्ता, पाऊस झाला की गाडी रुततेच. म्हणजे बाई पहाटे मेंढ्यांना चारा घालून निघाल्या असणार. गाडीच्या मागे पाण्याची रिकामी टाकी पण होती, जाताना भरून न्यायला, नळ नाही ना घरी.

मी मूळची सोलापूरची, अमेरिकेत न्यू मेक्सिकोत गॅलप नावाच्या गावात काउन्सेलर आहे. रूट 66 वरचं गाव, अगदी नवाहो नेशनच्या वेशीवर. नवाहो नेशन म्हणजे नवाहो या अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचा, स्वतःचं सरकार असलेला भाग, नकाशावरचा छोटासा ठिपका नव्हे बरं का, तीन राज्यांत पसरलेला सुमारे 70,000 चौरस किलोमीटरचा मुलूख, आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव. ते स्वतःला डिने म्हणतात. आत दारूबंदी, त्यामुळे दुकानं सगळी वेशीबाहेर, आणि बाहेर दारू पिऊन नाहीतर गोळ्या घेऊन पोरांनी काही उद्योग केला की केस राज्याच्या कोर्टात येते, तिथून पोरगं माझ्याकडे. (ओळख पटू नये म्हणून मी यात बरंच बदललंय.)

हा पोरगा 16 वर्षांचा. कागदावर गाडीचोरी, फेंटानिलच्या म्हणजे नशेच्या निळ्या गोळ्या, डिप्रेशन, रात्री वारलेल्या आजोबांचा आवाज येतो. फाइलीत तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेलं, नजर देत नाही, सहकार्य करत नाही. अहो नजर देत नाही म्हणजे काय, जुन्या वळणाच्या डिने घरात मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बघणं आगाऊपणाचं, आपल्याकडे नाही का, वर तोंड करून बोलू नको म्हणतात. पण फाइल पोराच्या आधी पोचते. सोलापुरात एमएसडब्ल्यूला असताना रिमांड होमला प्लेसमेंट होती तेव्हा पारध्याच्या पोरांचं असंच बघितलेलं. 1871 च्या कायद्याने अख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवलं, कायदा 1952 ला गेला, पण पोलिसाच्या डोक्यातून कुठं गेला होता.

तर त्या दिवशीचं. जज ठरवणार होत्या की याला अल्बुकर्की शहरातल्या रेसिडेन्शियल सेंटरला, म्हणजे तिथेच राहून उपचार घ्यायला पाठवायचं की आजीकडे ठेवून माझ्याकडे उपचार चालू ठेवायचे, आणि त्यासाठी मला सकाळी आत्महत्येच्या धोक्याची प्रश्नावली भरून द्यायची होती. गेल्या महिन्यात मरून जावंसं वाटलं का, कसं मरायचं ते ठरवलं होतं का, असले थेट प्रश्न, पुढे हो-नाहीचे चौकोन. थेट विचारा, विचारल्याने धोका वाढत नाही असं आम्हाला शिकवतात, आणि ते खरंच आहे, मी नवीन लोकांना तेच शिकवते. पहिला प्रश्न विचारला. गप्प. दुसरा. गप्प, टोपी अजून खाली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकत बसलो दोघं. तिसरा विचारला तर उठून बाहेर गेला.

बाहेर आजी, आणि भाषांतराला पोराची मावशी (डिने भाषेत मावशीला छोटी आई म्हणतात, आवडतं मला ते). पोरगा काही पुटपुटला आणि आजी माझ्याकडे न बघता हळू आवाजात बराच वेळ बोलल्या. मावशीने चार वाक्यांत आटोपलं, म्हणाली, आजी म्हणतायत तुम्ही वाईट बाई नाही पण हे काय विचारता, आधीच पोरगं खचलंय आणि तुम्ही ते शब्द त्याच्यासमोर उच्चारता, बोललं की ते होतं.

बोललं की ते होतं! मी तिथेच गार. असलं काही ट्रेनिंगमध्ये ऐकलंच नव्हतं असं नाही, तसा एक तास झालेला, डिने लोकांचं होझो म्हणजे सगळं नीट सुसंगत असणं, तसाच विचार करावा, तसंच बोलावं, अशा स्लाइड्स बघून मी सर्टिफिकेट पण घेतलेलं. पण डोक्यात शिरलं ते तेव्हा, कारण माझी आजी उभी राहिली डोळ्यासमोर. लहानपणी चिडून मरते मी जा असं म्हटलं की तिचा हात आधी माझ्या तोंडावर यायचा, अभद्र बोलू नये गं, वास्तू तथास्तु म्हणत असते. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. कुंकू पुसलं नाही म्हणायचं, वाढवलं म्हणायचं. हे सगळं रक्तात असलेली मी, आणि सहा महिने त्या पोराला शुक्रवारच्या शुक्रवारी, तू मरणार आहेस का, असं विचारत होते. लाज वाटली. खरंच.

पण प्रश्न सोडून द्यायचा तर तेही शक्य नव्हतं, कारण धोका खरा होता. उत्तर दिलं नाही असं लिहिलं असतं तरी कोर्टाला त्याचा अर्थ धोकादायक असाच लागला असता. मग आठवलं की इथल्या डॉक्टरांनी यावर वाट काढलेली आहे, डिने पेशंटला तुला हे होईल असं म्हणायचं नाही, कुणी एक माणूस असतो त्याचं असं होतं, असं तिऱ्हाइताचं सांगायचं. आजींना विचारलं, एखाद्या भलत्याच पोराची गोष्ट म्हणून बोललं तर चालेल का? आजींनी थोडा विचार केला, मान हलवली. एक अट, खोलीत नाही, बाहेर.

मग पार्किंगमध्ये पिकअपच्या फळीवर बसलो. वारा असा की कागद उडत होते, म्हणून फॉर्म मी पर्समध्ये कोंबला. म्हटलं, एक पोरगा होता, त्याला रात्री झोप येत नसे. मी थांबले. बराच वेळ गेला, एक मालगाडी गेली, गॅलपला त्या संपतच नाहीत. शेवटचा डबा गेल्यावर तो म्हणाला, त्या पोराला झोप यायची, पण पहाटे जाग यायची. आणि मग, काय सांगू, अर्धा तास बोलला. त्या पोराचे आजोबा गेले, त्या पोराने गोळ्या घेतल्या की आवाज बंद होतो, त्या पोराने शेडमध्ये खोगिराखाली एक वस्तू लपवून ठेवलीय. कोणती ते इथे लिहीत नाही. मी विचारलं, ती वस्तू तिथून कुणी काढून नेली तर त्याला राग येईल का? म्हणाला, नाही, तो वाटच बघतोय कुणी नेईल म्हणून.

मावशीने तिथूनच फोन लावला, मामा शेडमध्ये गेला, 11 वाजता वस्तू घराबाहेर. आता कोर्टाला काय सांगायचं? नशेच्या उपचाराच्या फाइलीला इथे वेगळं फेडरल संरक्षण आहे, सही किंवा खास ऑर्डर असल्याशिवाय कोर्टाला पण मिळत नाही, आम्ही दोघांनी बसून एकेक ओळ ठरवली आणि त्याने सही केली. चौकोनात मी हो अशी खूण केली. धोका आहे. खोटं लिहिणार नव्हतेच.

कोर्टात सरकारी वकिलाने तेवढीच खूण धरली. धोका आहे तर घरी कसं ठेवता, आणि आजीचं घर नेशनच्या हद्दीत, तिथे आमच्या प्रोबेशन ऑफिसरचा अधिकार चालत नाही, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मुद्दा बरोबर होता हो, मला राग आला तरी बरोबर होता. मी प्लॅन वाचला, गोळ्यांचं कपाट कुलपात, नशेची ओढ कमी करणारं, जिभेखाली ठेवायचं ब्युप्रेनॉर्फिन मावशीच्या हातून, नेशनच्या सोशल वर्करचं लेखी पत्र, ओव्हरडोस झाला तर नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे दोन ठिकाणी, रात्रीला 988 ही आत्महत्या रोखण्याची हेल्पलाइन, आणि हाताळी म्हणजे त्यांचे मंत्र गाणारे वैद्य, त्यांच्याकडून विधी. विधीला वकिलांच्या भुवया वर. त्यांना सांगितलं, 2024 च्या ऑक्टोबरपासून न्यू मेक्सिकोत मेडिकेडला म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याला असल्या पारंपरिक उपचारांची मंजुरी आहे, माझ्या पदरचं नाही.

मग जजनी आजींना बोलायचंय का विचारलं. आजी उभ्या राहिल्या आणि आधी स्वतःची ओळख करून दिली, आईचं कुळ, वडिलांचं कुळ, दोन्हीकडच्या आजोबांची कुळं, डिने माणूस अशीच ओळख करून देतो. जज मध्ये बोलल्या नाहीत हे त्यांचं मोठेपण. नंतर आजी एवढंच म्हणाल्या, मला सहाव्या वर्षी गाडीत घालून शाळेत नेलं होतं, तिथे पण बेड होते आणि तीन वेळा जेवण होतं. बोर्डिंग स्कूलचं, म्हणजे मूळच्या लोकांच्या पोरांना घरापासून तोडून त्यांची भाषा, रीत मोडायला काढलेल्या शाळांचं. तिथे आपली भाषा बोलली म्हणून साबणाने तोंडं धुतलेल्या बायका या गावात अजून जिवंत आहेत. 2024 ला तेव्हाचे अध्यक्ष बायडेन अॅरिझोनात येऊन त्या शाळांबद्दल माफी मागून गेले तेव्हा आजींनी टीव्ही लावलाच नव्हता, मावशी म्हणाली, मेंढ्या बाहेर होत्या.

जजनी 30 दिवस दिले. आजीकडे, दर आठवड्याला रिपोर्ट.

रात्री सोलापूरला फोन लावला, तिकडे सकाळ. आईला विचारलं, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय गं? आई म्हणाली, तुझं कुकर लावायच्या वेळेलाच काय असतं, थांब मामाला विचारते.

तिसऱ्या आठवड्यात लघवीच्या टेस्टला कपावर फेंटानिलपुढे रेघ यायला पाहिजे ती आली नाही, म्हणजे नशा सापडली. प्रोबेशन ऑफिसरचा फोन माझ्या आधी तयार. पोरगा आला, 40 मिनिटं उशिरा, आजीने दिलेलं मटणाचं डबडं टेबलावर ठेवलं, बसला. मी काही बोलले नाही. टोपी खाली, पायाने फरशीवर रेघा ओढणं चालू.

मग म्हणाला, ते पोरगं होतं ना, पिकअपवरचं?

मी लॅपटॉप मिटला, म्हटलं सांग, कुठवर आलं ते.