24 टन बी आणि वजनाचा एक रकाना

कंटेनरचं दार उघडलं तसा ओल्या तागाचा वास अंगावर आला. छताला आतून पाण्याचे थेंब लटकलेले. वरच्या थरातल्या पोत्यांवर काळपट डाग. ओल शोषायला बाजूंना टांगलेल्या ड्राय बॅगा पाणी पिऊन दुधाच्या पिशव्यांसारख्या लोंबत होत्या. उरणजवळच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदरातून आलेले कंटेनर ठेवायच्या यार्डात, जानेवारीतल्या एका दुपारी, मी स्वतःच्या नावावर मागवलेला पहिला माल पाहत होते.

आमचा काजूचा कारखाना वेंगुर्ल्याजवळ. छोटा आहे, 22 बायका कामाला. आपली गावठी बी मार्च ते मे. तेवढ्यात जी खरेदी जमेल ती जेमतेम दिवाळीपर्यंत पुरते. त्यानंतर बायकांना "आता शिमग्याच्या सुमारास या" असं सांगायचं, हे मी लहानपणापासून बघत आले. ज्यांच्या हातावर घर चालतं त्यांना चार महिने घरी बसवणं मला कधीच पटलं नाही. टांझानिया विषुववृत्ताच्या खाली, तिथला हंगाम ऑक्टोबरपासून. म्हणजे आपल्याकडची बी संपते तेव्हा त्यांची निघते. आधी आम्हीही इतरांसारखी व्यापाऱ्याकडून आफ्रिकन बी घ्यायचो, पण कुठली, कधीची, किती जुनी, काही कळायचं नाही. म्हणून ठरवलं, थेट मागवायची.

चाळीस फुटी कंटेनर, 80 किलोची 300 पोती, 24 टन. पोत्यांवर छापलेलं 'कोरोशो', म्हणजे स्वाहिलीत काजू. हे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलं, आपल्या किनाऱ्यावरही आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही. तेव्हा ही बी तशी आपल्या बीची चुलतबहीणच. फक्त अंगाने लहान. आपली वेंगुर्ला-7 ची बी 10 ग्रॅमची, किलोत शंभर बसतात. ही किलोला दोनशेच्या आसपास.

आता कागदांविषयी, कारण सगळं तिथेच अडलं. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लॅडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), धुरीचा दाखला आणि उगमाचा दाखला, म्हणजे माल खरोखर त्या देशात पिकला याचं प्रमाणपत्र. हा शेवटचा कागद पैशाचा. भारताने 2008 साली अतिअविकसित देशांसाठी आयात शुल्काची सवलत जाहीर केली, त्यात काजूही आहे. टांझानिया त्या यादीत आहे. दाखला बरोबर असेल तर मूळ शुल्क वाचतं. नसेल तर 2.5 टक्के भरा. (2018 च्या अर्थसंकल्पाआधी ते 5 टक्के होतं.) शिवाय 2020 पासून नियम असा, की दाखला नुसता जोडून भागत नाही, त्यातल्या माहितीची जबाबदारी आयातदाराचीही.

आमच्या दाखल्यावर निव्वळ वजनाच्या रकान्यात 24,300 किलो लिहिलं होतं. ते पोत्यांसकट वजन. तागाचं पोतं किलोभराचं, 300 पोत्यांचे 300 किलो. इनव्हॉइसवर निव्वळ 24,000. निर्यातदाराच्या कारकुनाने रकाना चुकवला, आणि स्कॅन महिनाभर माझ्या फोनमध्ये असून मी तो नीट वाचला नव्हता. हल्ली कस्टमची कागद-तपासणी फेसलेस असते. माल न्हावा शेवाला, अधिकारी दुसऱ्याच शहरात. त्यांनी क्वेरी टाकली, कोणतं वजन खरं? प्रश्न अगदी रास्त होता. त्यांच्यासमोर पोती नव्हती, दोन आकडे होते.

तिसऱ्या दिवशी आमचे क्लिअरिंग एजंट म्हणाले, "ताई, ड्युटी भरा आणि माल काढा. बी वाट बघत नाही." मी ऐकलं नाही. सवलत आपल्या हक्काची आहे, दुरुस्त दाखला मागवू, असा हट्ट धरला. दाखला तिथल्या कार्यालयातून नव्याने निघून कुरियरने यायला 11 दिवस लागले. तोवर शिपिंग लाइनचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार, आणि सीएफएसचं भाडं चढत गेलं. वाचवलेल्या शुल्काच्या वर गेलं ते.

पण पैशापेक्षा मला लागलं ते दुसरंच. काजूची बी कपाटातल्या भांड्यासारखी निपचित नसते. वाळवलेल्या बीतही आठ-दहा टक्के पाणी असतं. दिवसभर उन्हात लोखंडी डबा तापला की ते पाणी वाफ होऊन वर चढतं, रात्री छत गार झालं की थेंब होऊन वरच्या पोत्यांवर पडतं. उघड्या यार्डात रोज हेच चालू. मी घरी बसून कुरियरचा नंबर तपासत होते आणि तिकडे डब्यात रोज रात्री पाऊस पडत होता.

आऊट ऑफ चार्ज, म्हणजे माल न्यायची कस्टमची परवानगी, मिळालं त्या दिवशी तिथेच जमिनीवर गोणपाट पसरून कटिंग टेस्ट केली. वेगवेगळ्या पोत्यांतून एक किलो बी काढायची, एकेक कापायची. चांगला गर पूर्ण वजनाने धरायचा, डागाळलेला अर्ध्या वजनाने, काळा पडलेला सोडून द्यायचा. मग हिशेब 80 किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर, हा आऊटटर्न. खालच्या थरातल्या किलोला 270 ग्रॅम गर निघाला, म्हणजे साडेसत्तेचाळीस पौंड. मनात धरलं होतं तितकंच. वरच्या थरातला 238 ग्रॅम, जेमतेम 42. कापलेल्या अर्धुकावर गराच्या कडेने पिवळट रेघ दिसायची, काहींत बुरशीचं बारीक राखाडी पीठ. बोटाने पुसलं तर जात होतं, पण खाली डाग राहत होता.

वेंगुर्ल्यात 17व्या शतकातली डच वखार अजून पडक्या अवस्थेत उभी आहे. एके काळी समुद्रापलीकडचा माल तिथे उतरायचा. आमचा माल उरणहून ट्रेलरने पेण, महाड, कशेडी, चिपळूण करत घरी आला.

आता दुसऱ्या कंटेनरच्या वेळी मी जहाजात माल चढायच्या आधीच सगळे मसुदे मागवले. बिल ऑफ लॅडिंगचाही मसुदा, आणि उगमाचा दाखला सहीपूर्वी. छापून घेतले, पट्टी लावून रकाना-रकाना जुळवले. नाव, पत्ता, इनव्हॉइस नंबर, पोती, निव्वळ, ढोबळ. पत्त्यातला पिनकोड चुकला होता, परत पाठवला. ड्राय बॅगा वाढवायला सांगितल्या, आणि पोती भरण्याआधी ओलाव्याचं मीटर लावून फोटो मागितले. शुल्काइतकी रक्कम बाजूला ठेवूनच दिली. पुन्हा क्वेरी आली तर भरायचं आणि माल काढायचा.

त्या पहिल्या मालातली 38 पोती आम्ही वेगळी केली आणि खळ्यात पसरली. चार दिवस कडक ऊन होतं. काकी, कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या, पायाने बी परतत फिरत होत्या. पहिल्या दिवशी मूठभर उचलून नाकाशी धरली. "बाय, ही खयसून इली गो? ह्यो वास आपल्या बियेचो नाय." मी त्यांना समुद्र, जहाज, दाखला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि परत फिरायला लागल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी पाच-सहा बिया कातरीखाली धरून फोडल्या, एक अर्धुक उजेडाकडे धरलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"गर पांढरो आसा. उद्या वाफेक लावया."