भाकरीवरची बोटं

आपल्या शाळेचा यंदा अमृतमहोत्सव. १९८३ साली मी इथे चौथीत होतो. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, वडील घरी बसलेले. परळ-लालबागच्या चाळींतल्या पोरांचे डबे तेव्हा हलके झाले होते. माझ्या डब्यात रोज ज्वारीची भाकरी नि लसणाची चटणी. शेजारच्याकडे चपाती आणि बटाट्याची भाजी! एके दिवशी लाज वाटून मी अर्धी भाकरी नळामागे टाकली. बाईंनी पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा. त्या शनिवारी बाईंनी भाकरीची गोष्ट काढली. सोलापूरकडचं शेत, गोफणीने पाखरं हाकणारी म्हातारी, पोती वाहणारा हमाल, पिठाने पांढरा झालेला चक्कीवाला आणि शेवटी परातीत थापणारी आई. "भाकरी नीट बघा, आईची बोटं उमटलेली दिसतात," म्हणाल्या. मग ती भाकरी नळापाशी पडली, आणि बाई थांबल्या. पुढचं आम्ही सांगायचं. कुणी कावळा आणला, कुणी गाय, एकाने कचऱ्याच्या गाडीतून थेट देवनारला नेली. मी म्हणालो, उचलून भुकेल्या पोराला दिली.

"नळाजवळची? तू खाल्ली असतीस? मग पडायच्या आधी द्यायची रे."

आज मी लग्नाच्या हॉलवर जेवणाची कामं घेतो. यजमान पाचशे पानं सांगतात, जेवतात साडेतीनशे. उरलेलं वाचवून भुकेल्यांना द्यायचं म्हणजे घड्याळाशी भांडण. शिजलेलं अन्न आपल्या दमट हवेत दोन तासांहून जास्त उघडं राहिलं की धोका. भात सगळ्यात फसवा. वास येत नाही, चव बदलत नाही, पोट मात्र बिघडवतो. दह्याचं, नारळाच्या वाटणाचं मी देतच नाही. पुऱ्या, चपात्या, सुकी भाजी आधी. वाढपाला काढलेला टोप वेगळा, हात न लागलेला वेगळा, यावरून पोरांना रोज ओरडावं लागतं. डबेवाल्यांनी २०१५ मध्ये उरलेलं अन्न भुकेल्यांना पोचवणारी रोटी बँक काढली तेव्हा मला नवल वाटलं नाही. वेळेत पोचवणं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो, २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घराघरांतून. मुलीला हा आकडा सांगितला तर "हं" म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. भाकरीची गोष्ट सांगितली, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन आजीची बोटं मोजत बसली.

अमृतमहोत्सवाचं जेवण समितीने माझ्याकडे दिलंय. विनंती एवढीच की किती माणसं येणार तो आकडा आदल्या दिवशी खरा कळवा, भीतीपोटी वाढवून सांगू नका. उरलेलं न्यायला येणाऱ्यांना मी साडेनऊची वेळ दिली आहे. नऊला टोप झाकणार. ज्यांना जिलबी परत हवी असेल त्यांनी गप्पा नंतर माराव्यात.