अंगारकीच्या दिवशी पुणे दर्शन: गाइड, गाडी आणि आत्या

पुण्यात बावीस वर्षं काढली, पण शनिवारवाड्याच्या आत दोनदाच गेलो होतो. तेही पाहुण्यांना घेऊन. ‘हे हजारी कारंजं, इथे वाडा होता, तो जळाला’ एवढ्यावर माझा इतिहास आटपायचा आणि मग सगळे भेळ खायला. यंदा जानेवारीत नांदेडहून आत्या आणि आतोबा आठ दिवस राहायला आले तेव्हा म्हटलं, या वेळी एक दिवस खासगी गाइड घेऊ, गाडी घेऊ आणि पुणं नीट दाखवू. मलाही नीट बघायचं होतंच.

पीएमपीची पुणे दर्शन बस आहे आणि ती खूपच स्वस्त पडते. एकटा-दुकटा असाल, पाय धड असतील तर तीच घ्या. पण आतोबांच्या गुडघ्याला बसचं वेळापत्रक मानवणारं नव्हतं. एका एजन्सीला विचारलं तर त्यांनी चौदा ठिकाणांची यादी पाठवली. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, जेवण धरून. आतोबा एस.टी.तून निवृत्त झालेले. त्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, “ही सहल नाही, जलद गाडी आहे. थांबा घ्यायचा म्हणून घ्यायचा.” मग ओळखीतून एक गाइडताई मिळाल्या. पर्यटन मंत्रालयाचं ओळखपत्र असलेल्या, इतिहासात एम.ए. केलेल्या. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘किती ठिकाणं हवीत’ असा नव्हता. ‘बरोबर कोण आहे आणि किती चालवेल’ असा होता. तिथेच मी हो म्हणून टाकलं. तुम्हीही गाइड निवडताना फोनवर हेच ऐका. ठिकाणांचा आकडा आधी सांगणाऱ्याला सोडा.

खर्च आधीच सांगतो, कारण सगळे तेच विचारतात. पूर्ण दिवसाचे गाइडचे साडेचार हजार, आठ तास-ऐंशी किलोमीटर बोलीने सहा सीटर गाडी अठ्ठावीसशे, वरचा एक तास जास्त लागला त्याचे वेगळे. आम्ही चौघं: आत्या, आतोबा, मी आणि नववीतली माझी लेक.

आता चूक. वार मी ठरवला, मंगळवार. सुट्टीची गर्दी नको म्हणून. आदल्या रात्री गाइडताईंचा मेसेज आला, ‘उद्या गर्दी असेल, चालायची तयारी ठेवा.’ मी अंगठा दाखवून झोपलो. सकाळी आत्या न्हाऊन-धुऊन, जरीकाठी नेसून तयार आणि चहाबरोबरचं बिस्कीट बाजूला सारलेलं. “आज उपास आहे रे. अंगारकी नाही का! तू मुद्दाम साधलीस म्हणून कालपासून खूश आहे मी.” ज्याच्या घरात कालनिर्णय दाराआड टांगलेलं आहे त्याने दगडूशेठच्या परिसरात जायला अंगारकी चतुर्थी निवडावी, याला काय म्हणायचं?

तर पहिला सल्ला: कॅलेंडर बघा. संकष्टी नको, अंगारकी तर नकोच, आणि गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये वाडे बघायला म्हणून येऊ नका. तेव्हा यायचं ते गणपती बघायला.

साडेआठला जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरापासून सुरुवात केली. ही जागा सकाळीच बघावी. रस्त्यावरून बसचा आवाज येत असतो आणि चार पायऱ्या उतरलं की एकदम गार. आठव्या शतकाच्या सुमाराचं हे लेणं, म्हणजे शनिवारवाड्याच्या हजार वर्षं आधीचं. बांधलेलं काही नाही, सगळं काळ्या कातळातून कोरून काढलेलं. अंगणातला गोल नंदीमंडपसुद्धा. गाइडताईंनी लेकीला एका खांबाला हात लावायला सांगितला. तिरप्या, बोटाएवढ्या रेघा हाताला लागतात, त्या छिन्नीच्या. काम अर्धवट राहिलेलं आहे, त्यामुळे कोरायची पद्धतच दिसते. मी या रस्त्याने रोज ऑफिसला जातो. आत पहिल्यांदा आलो, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. प्रवेश मोफत आहे.

शनिवारवाड्याचं तिकीट २५ रुपये, परदेशी पाहुणे असतील तर त्यांना ३००. दारावरचा कोड स्कॅन करून काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि रांग टळते. सावली आत जवळपास नाहीच, त्यामुळे दहाच्या आत शिरलात तर बरं. टोप्या, पाणी जवळ ठेवा.

गाइडचे पैसे कुठे वसूल झाले म्हणाल तर दिल्ली दरवाजात. आम्ही नेहमीसारखे सरळ आत निघालो होतो, त्यांनी उंबऱ्याबाहेरच वीस मिनिटं थांबवलं. दरवाजाच्या फळ्यांवरचे लांबलचक टोकदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, म्हणजे हत्तीने धडक देऊन दार फोडू नये. बरं, आत गेल्यावर वाट सरळ नाही, लगेच वळते. हत्तीला किंवा जमावाला धावायला जागाच मिळू नये म्हणून. मोठं दार रोज उघडायचं नाही, त्यातल्या छोट्या दिंडीतून वाकून जायचं. “वाकलेला माणूस तलवार काढत नाही,” त्या म्हणाल्या. आतोबांनी दिंडीतून वाकून बघितलं, गुडघा विसरून. दरवाजाच्या आतल्या भिंतीवर शेषशायी विष्णू आणि गणपतीच्या चित्रांचे रंग अजून पुसट दिसतात. बोट दाखवल्याशिवाय ते दिसत नाहीत.

पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही शनिवार. खालची तटबंदी दगडी आणि वरची विटांची का, याची छत्रपतींनी दगडी बांधकामाला हरकत घेतल्याची गोष्ट आहे, ती ताईंनी ‘सांगतात असं’ म्हणूनच सांगितली. मला हे आवडलं. ‘काका मला वाचवा’ची, म्हणजे नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या गोष्टीची, वाट आत्या बघत होती. तीसुद्धा त्यांनी किंचाळून सांगितली नाही. ३० ऑगस्ट १७७३, गणेशोत्सवाचे दिवस, पगाराची थकबाकी मागत आलेले गारदी शिपाई, आणि नारायणरावांचं वय: अठरा. एवढंच. लेक म्हणाली, “म्हणजे बारावी झालेला.” अमावास्येच्या आवाजाबद्दल विचारलं तर ताई म्हणाल्या, “शिवाजी रोडच्या हॉर्नमधून तुम्हाला ऐकू आला तर मलाही सांगा.”

आत आता जोती आणि हिरवळ. लाकडी वाडा १८२८ च्या आगीत गेला. मोकळं जोतं बघून पाहुणे नाराज होतात. गाइड नसेल तर तुम्हीही व्हाल. वरच्या नगारखान्यापर्यंत मात्र चढा. पायऱ्या उंच आहेत, आतोबा खाली बसले.

लाल महाल, समोरच. आत्ताची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे, मूळ महाल नाही, हे मुलांना आधीच सांगा. शाहिस्तेखानावरचा छापा १६६३ चा, तो मात्र याच परिसरातला. कसबा गणपतीला बाहेरूनच हात जोडले, रांग फडके हौदाकडे वळली होती.

इथून पुढे गाडीचा काही उपयोग नव्हता. अंगारकीमुळे शिवाजी रोडची वाहतूक वळवलेली, ड्रायव्हरचा फोन, ‘साहेब, मी कुठंच येऊ शकत नाही.’ खरं सांगायचं तर अंगारकी नसती तरी हेच झालं असतं. शनिवारवाडा ते केळकर संग्रहालय हा सगळा दोन-अडीच किलोमीटरचा पट्टा चालायचाच आहे. पेठांमध्ये गाडी घेऊन फिरणं म्हणजे पार्किंग शोधत फिरणं. आमचे गाडीचे अर्धे पैसे ती उभी राहण्यात गेले. पुन्हा करेन तर असं करेन: सकाळी मेट्रोने कसबा पेठ स्टेशनला उतरायचं, गाइडला तिथेच बोलवायचं, दुपारपर्यंत पायी, आणि गाडी हवीच असेल तर दुपारनंतर. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो सिव्हिल कोर्टावरून थेट स्वारगेटला जाते, मधलं मंडई स्टेशन तर बाजाराला चिकटून आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी मधल्या टप्प्याला रिक्षा करा, लाजू नका. आत्याने शंभर पावलांवर मला ऐकवलंच, “किती चालवायलास रे बाबा!”

दगडूशेठला दर्शनाच्या रांगेत उभं राहिलो असतो तर दिवस तिथेच संपला असता. रस्त्यावरून मूर्ती दिसते, तेवढं मुखदर्शन घेतलं. आत्या टाचा उंच करून, मी तिची पर्स सांभाळून. हाराची पिशवी, चपला, ढोल, ‘मावशी पुढे चला’. या सगळ्यात गाइडताईंनी आम्हाला उलट्या दिशेला तोंड करायला सांगितलं. देवळाच्या समोरची ती बाजू: भिडे वाड्याची जागा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे काढली. पडीक झालेला जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे. ताईंनी पिशवीतून वाड्याचा एक जुना फोटो काढला, कडा मऊ झालेला, आणि लेकीच्या हातात दिला. आत्या सातवीपर्यंत शिकलेली. तिने तो फोटो लेकीकडून मागून घेतला, चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि विचारलं, “मग पोरी कुठून यायच्या? एवढ्या लोकांमधून?” ताईंनी शेणगोळ्यांचं सांगितलं. ते आम्हाला पाठच असतं, पण त्या रस्त्यावर उभं राहून, धक्के खात ऐकणं निराळं. आमच्या आजूबाजूला काही शे माणसं होती आणि सगळ्यांची पाठ त्या जागेकडे होती. अर्थात माझीही बावीस वर्षं तिकडेच होती.

मंडईत आत्याला पाच मिनिटं म्हणून सोडलं, पाऊण तास गेला. १८८६ ची ही अष्टकोनी दगडी इमारत. ताई मनोऱ्याबद्दल सांगत होत्या, आत्याचं लक्ष खाली. संक्रांत आठवड्यावर आलेली, भोगीच्या भाजीचा माल: पावटा, गाजर, हरभऱ्याचे घाटे, तीळ. उंच ओट्यावर बसलेल्या बाईशी तिने वर मान करून घासाघीस केली आणि हरली. “नांदेडला निम्म्यात मिळतात,” म्हणत दोन किलो घाटे घेतले. ते दिवसभर मी वाहिले. खरेदी शेवटी ठेवा, हे वेगळं सांगायला नको. तुळशीबागेत रामाचं देऊळ आहे हे कानातली घ्यायला येणाऱ्या निम्म्या मुलींना माहीत नसतं. शिखर बघायला बाजारातून आत वळावं लागतं. विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग आणि सुरूच्या आकाराचे खांब रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बघितले. जवळून मान दुखते, पलीकडून सगळं दिसतं.

केळकर संग्रहालयाला किमान दीड तास हवा, आम्ही सव्वा दिला. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभं केलेलं हे घर. वीस हजारांवर वस्तू, त्याही रोजच्या वापरातल्या: दिवे, फण्या, कुलपं, पायघाशा. तुम्ही मस्तानी महाल बघायला जाल, कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला, पण अडकित्त्यांपाशी थांबा. घोड्याचे, पोपटाचे, एकमेकांना बिलगलेल्या जोडप्याचे. सुपारी कातरली की ते जोडपं जवळ येणार. आत्या पदर तोंडाला लावून हसली आणि आतोबांना म्हणाली, “तुमच्या आईकडे होता हा. मला कधी हात लावू दिला नाही.” इथे गाइडची गरज नाही. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर घ्या. जिने चढायचे आहेत, बसायला जागा कमी.

जेवण पावणेतीनला. आत्याला साबुदाण्याची खिचडी, आम्हाला मिसळ. सकाळपासून चालल्यावर दोन्ही उत्तमच लागतं. ड्रायव्हर टिळक रोडला एस. पी. कॉलेजजवळ उभा होता. भेटायची जागा कायम पेठांच्या बाहेर ठरवा.

उरलेल्या वेळात शिंदे छत्री (महादजी शिंद्यांची समाधी) आणि आगाखान पॅलेस दोन्ही होणार नव्हते. छत्री सोडली. खासगी गाइडचा फायदा हाच, ठिकाण गाळता येतं. आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर, १८९२ चा. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून बांधून घेतलेला. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना इथे आणलं. सहाव्या दिवशी त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा. मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत, तुळशी लावलेल्या. बहुतेक लोक पुढच्या कमानींत फोटो काढून परततात, मागे जातच नाहीत. साडेचारला ऊन कललं होतं, माळी पाणी घालत होता. आत्याने मंडईतल्या पिशवीतून शेवंतीचं एक फूल काढून ठेवलं. दगडूशेठसाठी घेतलेलं होतं ते. इथे येताना वाहतूक धरून तासभर लागला. मेट्रोने कल्याणीनगरला उतरून रिक्षा केली तर लवकर पोचाल.

पायात काढता-घालता येणारं काहीतरी घाला, आम्ही बूट पाच वेळा काढले. स्वच्छतागृह दिसलं की जाऊन घ्या, पेठांत पुढचं कधी येईल सांगता येत नाही. गाइडला दुपारचं जेवण विचारा, पैशात धरलेलं नसतं.

रात्री चंद्र नवाच्या पुढे उगवला. आत्याने उपास सोडला, मोदक खाल्ले, पण दर्शनाची रुखरुख होतीच. बुधवारी पहाटे सहाला मी उठेपर्यंत ती एकटी रिक्षा करून दगडूशेठला जाऊन आली होती. दहा मिनिटांत गाभाऱ्यासमोर. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन तीनशे सांगितले होते, अडीचशे दिले म्हणाली.