अ लावलास का रे?

आम्ही मराठी मीडियमवाले, १९८४ ला पाचवीत गेलो तेव्हा कुठे एबीसीडी हातात आली (पहिलीपासून इंग्रजी यायला २००० साल उजाडावं लागलं), त्यामुळे आठवीत बाईंनी फळ्यावर फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटल असं एकाखाली एक लिहिलं तेव्हा अख्खा वर्ग ओरडला, बाई सगळं थोडंच की!

बाई म्हणाल्या, थोडं की थोडंच?

कुणालाच काही कळेना. मग त्यांनी कोपऱ्यातला माठ हलवला, मार्चचे दिवस, तळाशी जरासं पाणी डुचमळलं. म्हणाल्या, अ लिटल वॉटर म्हणजे थोडं आहे, घोटघोट सगळ्यांना येईल. लिटल वॉटर म्हणजे थोडंच आहे, माझ्याकडे बघू नका, नळावर जा. इंग्रजीवाले अ काढून जे सांगतात ते आपण च लावून सांगतो, बस्स. मोजता येतं त्याला फ्यू, पाण्याबिण्याला लिटल, हे त्यांनी दोन मिनिटात उरकलं आणि आम्ही नळावर पळालो.

पण कळतं ते वळतंच असं नाही ना. २००७ साली मी ऐरोलीत नोकरीला, लंडनच्या क्लायंटला मेल टाकला, वी हॅव फ्यू क्वेरीज. मला म्हणायचं होतं चार-पाच शंका आहेत, त्याने वाचलं की शंका अशा फारशा नाहीतच, थँक्यू म्हणून तो मोकळा आणि मी बसलो नखं खात. बाईंचा अ मीच खाल्ला होता, दोष कुणाला देणार? पुढे त्याच माणसाने लिहिलं की कामात क्वाइट अ फ्यू चुका आहेत, आणि मी साहेबांना सांगून आलो, किरकोळ आहे हो. क्वाइट अ फ्यू म्हणजे चांगल्या बऱ्याच! हे मात्र आठवीत शिकवलं नव्हतं, किंवा मी त्या दिवशी शाळा बुडवून ठाण्याच्या तलावपाळीला असेन.

मागच्या वर्षी मुलीने केकसाठी छोट्या चमच्यांचा सेट मागवला. त्यावर डॅश, पिंच, स्मिजन अशी नावं, म्हणजे टीस्पूनचा १/८, १/१६ आणि १/३२ भाग. आईने चष्मा लावून तो स्मिजन निरखला आणि विचारलं, चिमूट घ्यायला चमचा कशाला गं, बोटं कुठे गेली? आमच्याकडे हिंग नखभर, गूळ सुपारीएवढा, चिंच लिंबाएवढी, आणि मीठ चवीपुरतं, म्हणजे ज्याची त्याची जीभ.

परवा वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला, जुबिलीला आपल्या बॅचचे फ्यू येतायत. मी विचारलं, अ लावून की न लावता? उत्तर आलं, तू आधी वर्गणी भर.