क्लॅट लॉजिकल रिझनिंग, आठवडा सहावा: ‘तर’ आणि ‘तरच’

राजेहो, आधी हिशोब देतो. क्लॅट म्हणजे लॉ कॉलेजची प्रवेश परीक्षा, तिच्यातल्या लॉजिकलचे २४ प्रश्न सोडवले, १६ बरोबर, मागच्या रविवारी १२ होते. वेळ मात्र ३५ मिनिटं लागला आणि पेपरात १२० प्रश्नांना १२० मिनिटंच असतात, वरून चुकलं की ०.२५ कापतात, म्हणजे वेग अजून लय वाढवायचा आहे.

माझे जास्त प्रश्न चुकायचे ते इफ आणि ओन्ली इफचे. वहीत बाण काढून पाठ केलं तरी पेपर समोर आला की उलटंच व्हायचं. मंगळवारी रात्री बाबांसोबत वावरात ओलिताला गेलो, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. लाईन आली तसं मी म्हटलं, चला मोटर सुरू झाली असेल. बाबा म्हणे, "थ्री फेज असन तरच मोटर चालते. पण थ्री फेज हाय म्हणून मोटर चालूच हाय असं कोनं सांगतलं तुले? जाऊन पाय." गेलो तर स्टार्टर पडलेला. तिथंच टॉर्चच्या उजेडात सगळं डोक्यात बसलं. मोटर चालते आहे म्हणजे थ्री फेज नक्की आहे, थ्री फेज नाही म्हणजे मोटर नक्की बंद, एवढ्या दोनच गोष्टी निघतात. थ्री फेज आहे म्हणून मोटर चालू, किंवा मोटर बंद म्हणून थ्री फेज नाही, हे निघतच नाही, आणि पर्यायात नेमकं हेच देतात! पेपर इंग्रजीत असतो तरी आता ओन्ली इफ दिसलं की मी मनात ‘तरच’ वाचतो, अनलेस दिसलं की ‘नसेल तर’. आपला एक ‘च’ किती काम करतो, मला खरंच भारी वाटलं.

दुसरं म्हणजे अझम्प्शन. पानठेल्यावर एक काका सांगत होते की ज्यांनी फरदड (म्हणजे हंगाम संपल्यावरही जादा वेचणीसाठी उभा ठेवलेला कापूस) न ठेवता डिसेंबरातच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली त्यांच्या वावरात औंदा बोंडअळी कमी आली, म्हणजे पऱ्हाटी उपटल्यानंच कमी आली. काकांचा सल्ला बरोबरच आहे, फरदडीच्या बोंडांत अळीला खायला मिळत राहतं, २०१७ चा बोंडअळीनं खाल्लेला कापूस आपल्याकडं कोणी विसरलं नाही. पण मी घरी येऊन वहीत फक्त युक्तिवाद लिहिला. न बोललेली गोष्ट कोणती? की त्या लोकांनी बाकी वेगळं काही केलं नाही. आता ती उलटी करून पहा: त्यांनीच कामगंध सापळेही (वासानं अळीचे पतंग पकडणारे) लावले होते. झालं, निष्कर्ष ढिला पडला, म्हणजे अझम्प्शन बरोबर पकडलं. आणि ‘बीटी कापूस भारतात २००२ साली आला’ असा पर्याय दिला तर? वाक्य खरं आहे, पण युक्तिवादाला धक्काही लावत नाही आणि आधारही देत नाही. असे खरे पण बिनकामाचे पर्याय मी आधी हमखास निवडायचो, या आठवड्यात एकदाच फसलो.

पॅरलल रिझनिंग, म्हणजे दिलेल्या युक्तिवादासारखीच रचना असलेला पर्याय शोधणं, मात्र ४ पैकी १. दिलेला एक आणि पर्यायांतले चार, अशा पाचही युक्तिवादांचे बाण काढत बसतो आणि एका प्रश्नाला तीन मिनिटं जातात. ज्यांना जमतं त्यांनी सांगा, तुम्ही आधी निष्कर्ष जुळवून पर्याय कापता की कारणांपासून सुरुवात करता?