आमची वाटचाल : विश्रामबागेतून फुटबॉलची मोजणी

सांगलीत बसून फुटबॉलचे आकडे काढून घर चालतं, हे नातेवाइकांना पटवण्यात माझी सुरुवातीची वर्षं गेली. आता घरचे विचारत नाहीत. क्लबांच्या ऑफिसांत मात्र एक वाक्य अजून ऐकायला मिळतं : "तुमचं काय, नुसतं बटणं दाबायचं काम!" याच समजुतीपायी आमची फर्म एकदा बंद पडायला आली होती. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी मूळचा कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातल्या क्वालिटी विभागाचा माणूस. हातात व्हर्निअर आणि गेज. तिथं एक शिस्त अंगात मुरली. एकच पार्ट दोन इन्स्पेक्टरांनी वेगवेगळा मोजला आणि माप जुळलं नाही, तर आधी पार्टवर शंका घ्यायची नाही, मोजणीवर घ्यायची. मिरजेत लेफ्ट बॅक खेळायचो, पण खेळाडू म्हणून पुढं जाण्याइतका वेग पायात नव्हता. २०१४ मध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) सुरू झाली आणि देशात पहिल्यांदाच क्लबांना व्हिडिओ बघून सामना टिपणारी माणसं मोठ्या संख्येनं लागू लागली. पुढच्याच वर्षी नोकरी सोडली आणि विश्रामबागेत एक खोली घेतली.

एका सामन्यात चेंडूवरच्या दोन-तीन हजार घटना असतात. पास कुठून निघाला, कुठं गेला, कुठल्या पायानं, अंगावर कोण होतं, हे सगळं बटणं दाबून टिपायचं. यालाच टॅगिंग म्हणतात. एक फेरी पुरी करायला एका मुलाचे पाच-सहा तास जातात. पहिल्या दिवसापासून आमचा नियम आहे : प्रत्येक सामन्यातली तीच पंधरा मिनिटं दोघांनी एकमेकांना न दाखवता टॅग करायची आणि मग ताडून बघायची. जुळलं नाही तर दोघांनी एका स्क्रीनसमोर बसायचं, क्लिप लावायची आणि 'प्रेस' कशाला म्हणायचं, 'सेकंड बॉल' (झटापटीतून सुटलेला चेंडू) कशाला, हे वहीत लिहायचं. चेंडू असलेल्या खेळाडूच्या पाच मीटरच्या आत आपला माणूस त्याच्या रोखानं गेला आणि त्याला मान खाली घालायला लागली, तर प्रेस. नुसता त्या दिशेला पळाला तर नाही. अशा व्याख्या लिहून लिहून ती वही दोनशे पानी झाली. आमचं भांडवल म्हणजे ती वही. कॉम्प्युटर कुणीही विकत घेतो.

मोजणारा माणूस कच्चा असला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या धंद्याच्या मूळपुरुषाचंच आहे. चार्ल्स रीप हे ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस. १८ मार्च १९५० ला स्विंडनच्या मैदानावर त्यांनी पेन्सिल काढली आणि चाली टिपायला सुरुवात केली. पुढं कित्येक वर्षं टिपत राहिले. त्यांना दिसलं की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. त्यावरून लांब चेंडू मारायची शिकवण निघाली आणि इंग्लंडमधल्या किती तरी कोचनी ती डोळे झाकून उचलली. पण त्याच वह्यांत हेही होतं की एकूण चालींपैकी ९० टक्क्यांहून जास्त चाली तीन किंवा त्याहून कमी पासांतच संपत होत्या. म्हणजे लांबलेल्या चाली संख्येनं थोड्या, पण त्या संख्येच्या मानानं त्यांच्या वाट्याला गोल जास्त येत होते. मोजणी खरी, भागाकारच केला नाही. आमच्याकडं नव्यानं येणाऱ्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात हेच गणित करायला देतो.

आता हत्यारांबद्दल थोडं. व्हिडिओसाठी वीस फुटी मास्ट (कॅमेऱ्याचा उंच खांब) आहे, खाली तीन पायांना वाळूच्या पिशव्या. एप्रिलमध्ये संध्याकाळी वारं सुटलं की पिशव्यांशिवाय चित्र हलतं आणि ऑफसाइडची रेष बघायला गेलं की काहीच कळत नाही. टॅगिंगला साधा कीबोर्ड नको, प्रोग्रॅम करता येणारा छोटा कीपॅड घ्या. आमच्या सगळ्यात जुन्या कीपॅडवरची अक्षरं पार पुसली गेलीत आणि मुलं तोच मागून घेतात, कारण बोटांना तो पाठ आहे. धाव मोजायला टायमिंग गेट. स्टॉपवॉच वापरू नका, दाबणाऱ्याच्या अंगठ्याचा उशीर त्यात धरला जातो.

आणि जीपीएसची बनियनं. दोन खांद्यांच्या मध्ये खिसा, त्यात युनिट, सेकंदाला दहा वेळा जागा टिपणारं. सामन्यात अशी उपकरणं अंगावर घालायला २०१५ मध्ये खेळाच्या नियमांत मुभा मिळाली. आम्ही बारा युनिट कर्जानं घेतली. ती आणल्या आणल्या खेळाडूला घालू नयेत. उघड्या आभाळाखाली दहा-पंधरा मिनिटं ठेवावीत, उपग्रह धरू द्यावेत. ७ नंबरचं युनिट ज्याला दिलं त्यालाच सीझनभर द्यावं. दोन युनिटांत थोडा फरक असतोच, तो खेळाडूच्या खात्यावर जाता कामा नये. ताशी १९.८ किलोमीटरच्या वरची धाव वेगळी काढायची, २५.२ च्या वरची स्प्रिंट म्हणून वेगळी. एकूण अंतर सगळे विचारतात. "पोरगा अकरा किलोमीटर पळाला!" पळाला, पण कसा? सामना निकाली काढणारं पळणं त्या वरच्या दोन पट्ट्यांत असतं आणि हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, तोही तिथंच जातो.

हॅमस्ट्रिंगवरून ताईंचं सांगितलं पाहिजे. ताई मिरजेतल्या फिजिओ, वयानं आणि शिक्षणानं माझ्याहून मोठ्या. मिरज दवाखान्यांचं गाव, तिथं चांगली प्रॅक्टिस सोडून आठवड्याचे तीन दिवस त्या आमच्याकडं आल्या आणि भागीदार झाल्या. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या इजांची नोंद २००१ पासून सलग ठेवली जाते. त्यात हॅमस्ट्रिंगचा वाटा पहिल्या सीझनला १२ टक्के होता, तो २०२१-२२ ला २४ टक्क्यांवर गेला. ताईंनी पहिल्यापासून नॉर्डिक नावाच्या व्यायामाचा आग्रह धरला. गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं टाचा दाबून धरायच्या आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढं झुकत जायचं. उपकरण काही नाही, खर्च शून्य. नियमानं करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या इजा निम्म्यावर येतात, हे अभ्यासांत दिसलंय. पोरं कंटाळा करतात, दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात म्हणून. ताई मैदानावर स्वतः उभ्या राहून टाचा धरायच्या. फिफाचा ११ प्लस वॉर्मअपही त्यांनीच इथल्या संघांच्या अंगवळणी पाडला. आमच्या नावावर जे कौतुक होतं, त्यातलं निम्मं त्यांचं आहे.

२०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपनं काम वाढलं. कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि इकडच्या आईबापांनाही या खेळात काही आहे असं वाटू लागलं. दुसऱ्या राज्यातल्या एका व्यावसायिक क्लबचं टॅगिंगचं काम मिळालं. महापूर, लॉकडाऊन यांतून सगळेच गेले, आम्हीही गेलो.

खरा घाव बसला तो नंतर. मोठ्या शहरातल्या एका कंपनीचे लोक आमच्याकडं आले. गोड बोलले. "तुमच्याकडं कौशल्य आहे, आमच्याकडं भांडवल, मिळून करू." दोन दिवस पाहुणचार घेतला. काम कसं चालतं ते बघू म्हणाले, मुलांशेजारी बसले आणि वहीची पानं मोबाइलवर फोटो काढून नेली. करारात घालायला लागतील, असं कारण सांगितलं. तो करार कधी आलाच नाही. महिन्याभरात आमच्या सात मुलांपैकी चौघांचे राजीनामे आले. त्या मुलांवर माझा राग नाही. पगार दीडपट होता आणि घरी जबाबदाऱ्या होत्या. सीझन तोंडावर असताना क्लबनं कळवलं की हेच काम निम्म्या दरात होतंय, डॅशबोर्डही देखणा आहे, तेव्हा यंदा थांबू. आधीच्या सीझनचं शेवटचं बिल अडकवून ठेवलं. मी फोन केला, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "अहो, बटणं दाबायला एवढा दर कोण देतं?"

घरात जीपीएसचा हप्ता, ऑफिसचं भाडं, उरलेल्या तीन मुलांचे पगार. गाडी विकली. टायमिंग गेटचा एक जोड विकला. बँकेत दोनदा मुदत मागितली, दुसऱ्यांदा साहेबांनी समोर बसायलाही सांगितलं नाही. ताईंनी त्या वर्षी एक रुपया घेतला नाही. रात्री मुलं गेल्यावर मी एकटा बसून जुने सामने पुन्हा टॅग करायचो, हात सुटू नये म्हणून.

त्या वेळी कोल्हापूरचे आप्पा उभे राहिले. आप्पा एका पेठेतल्या संघाचे कोच. पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी बनियन हातात घेऊन उलटंपालटं बघितलं आणि म्हणाले, "पोरगं दमलंय की नाही ते मला त्याच्या चालीवरनं कळतंय की. ह्याला मशीन कशाला?" मी म्हटलं, "आप्पा, तुमचं बरोबरच आहे. तुम्हाला सत्तराव्या मिनिटाला कळतं. आपण ते आदल्या दिवशी बघू." पटलं त्यांना. सराव संपल्यावर प्रत्येक खेळाडूला शून्य ते दहामध्ये विचारायचं, किती जड गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं, हा त्या सरावाचा लोड. सहा सांगितलं आणि ९० मिनिटं झाली, तर ५४०. यासाठी बनियनही लागत नाही, वही-पेन पुरतं. आप्पांनी ती वही स्वतः ठेवायला सुरुवात केली. शाहू स्टेडियमवर गॅलरी भरून माणसं ओरडत असताना हा माणूस खिशातली वही काढून बघतो आणि मग बदली खेळाडू उठवतो.

त्यांच्या एका विंगरचं सांगतो. आठ दिवसांत तीन सामने आले होते. तिसऱ्याच्या आधी पोरगा म्हणत होता, मी फिट. बनियन सांगत होतं की त्याची वरच्या पट्टीतली धाव दोन सामन्यांत निम्म्यावर आलीय आणि तेवढ्याच सरावाला तो पाचाऐवजी आठ सांगतोय. आप्पांनी त्याला बाकावर बसवलं, शेवटची तीस मिनिटं दिली. पेठेतून शिव्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात अंतिम सामना तो पोरगा पूर्ण खेळला. इजा कधी होणार हे कुठलाही आकडा सांगत नाही आणि जो सांगतो म्हणतो त्याला दारात उभं करू नका. चालू आठवड्याचा लोड भागिले महिन्याची सरासरी, ०.८ ते १.३ मध्ये राहिलं की सुरक्षित, हे सूत्र मध्यंतरी सगळीकडं पोचलं आणि नंतर त्यावर अभ्यासकांनीच मोठे आक्षेप घेतले. आकडा कोचला प्रश्न विचारायला लावतो, उत्तर कोचनंच द्यायचं असतं.

तर आमची अडचण आप्पांना कुणी तरी सांगितली. त्यांनी संघाच्या फंडातून पुऱ्या सीझनचे पैसे आगाऊ आणून दिले, पावतीसुद्धा नंतर घेतो म्हणाले. ओळखीच्या दोन अकादम्यांना स्वतः फोन केले. त्यावर आम्ही वर्ष काढलं.

इकडं निम्म्या दरातल्या कामाचं व्हायचं तेच झालं. वहीच्या पानांचे फोटो होते, पण त्या व्याख्या कुठल्या क्लिपवरच्या भांडणातून आल्या हे त्यांना माहीत नव्हतं आणि दुबार टॅगिंग त्यांनी खर्च वाचवायला बंद केलं. त्या क्लबच्या अॅनालिस्टनंच मला फोन करून एक अहवाल दाखवला. त्यांच्या आकड्यांत सगळ्यात जास्त प्रेस करणारा खेळाडू म्हणून असा मिडफिल्डर निघाला होता, जो आयुष्यात कुणाच्या अंगावर गेला नाही. चेंडूच्या दिशेनं पाच पावलं टाकली की टॅग पडत होता. त्या आकड्यांवर त्याचा करार वाढवायची चर्चा चालू होती. पुढच्या सीझनला क्लब आमच्याकडं परत आला, आमच्या दरानं. गेलेल्या चौघांपैकी दोघं परत आले आणि आज नव्या मुलांना तेच शिकवतात.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. हजारो रुपयांचे कोर्स लावू नका. मेस्सीनं बार्सिलोनाकडून खेळलेल्या ला लिगा (स्पेनची लीग) सामन्यांचा डेटा स्टॅट्सबॉम्ब या डेटा कंपनीनं फुकट खुला केलाय, त्यावर सहा महिने घासा. पेनल्टीची एक्सजी (त्या फटक्यातून गोल होण्याची शक्यता) किंमत ०.७६ ते ०.७९ च्या आसपास का येते, हे स्वतः काढून बघा. एका सामन्याच्या एक्सजीवरून कोचशी वाद घालू नका, दहा सामने जमू द्या. उन्हाळ्यात सरावाआधी आणि नंतर खेळाडूंचं वजन करा. किलोभर उतरलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला आणि वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर घट झाली की खेळ उतरतो. तीन-चार हजारांचा वजनकाटा हे आपल्याकडच्या क्लबांसाठी सगळ्यात किफायतशीर क्रीडाविज्ञान आहे. कोचसमोर तीनपेक्षा जास्त आकडे ठेवू नका आणि प्रत्येक आकड्यामागं क्लिप तयार ठेवा. आणि करार झाल्याशिवाय कुणालाही वही दाखवू नका.

आज आम्ही अकरा जण आहोत. मुलींच्या दोन संघांचं काम यंदा सुरू केलं. ताईंच्या हाताखाली दोन नव्या फिजिओ आल्यात. आप्पांना अजून जुन्याच दरात काम करून देतो, त्यांना ते आवडत नाही, तरी देतो. अडकवलेलं ते बिल क्लबनं आजवर दिलेलं नाही. नव्या मॅनेजरना त्याची कल्पना नाही म्हणतात. दर मार्चअखेर आम्ही जुन्या इन्व्हॉइसच्या प्रतीसह पत्र पाठवतो, यंदाचंही रजिस्टर्ड पोस्टानं गेलंय.